भरवशाचा जमाखर्च

‘प्रभू पुरवील’ हे वाक्य ज्या मीटिंगमध्ये उच्चारलं जातं, त्या मीटिंगला खजिनदार म्हणून बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. चर्चचं छप्पर गळतंय, ठेकेदाराने अंदाजपत्रक दिलंय, बँकेतली शिल्लक त्याच्या पावपटही भरत नाही, आणि कमिटीतले सगळ्यांत ज्येष्ठ काका चष्मा पुसत शांतपणे म्हणतात, ‘‘त्यात काळजी कसली? प्रभू पुरवील.’’ सगळे ‘आमेन’ म्हणतात. चहा येतो. कप रिकामे झाले की सगळे माझ्याकडे बघतात.

बरं, या वाक्याविरुद्ध बोलायची सोय नाही. तो खरंच पुरवतो, आणि ते माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. कुणाच्या पेन्शनचा फरक निघतो, त्यातला दशांश येतो. पुण्याहून कुणीतरी आजीच्या कबरीवर फुलं ठेवायला येतं आणि जाता जाता पाकीट देऊन जातं. कधी दानाच्या थैलीत कागदात गुंडाळलेल्या नोटा निघतात. नाव नाही, गाव नाही. अडचण एवढीच, की जमेच्या बाजूला ‘देवाकडून’ असं लिहिलं तर ऑडिटर पावती नंबर विचारतो. म्हणून मी ‘किरकोळ देणग्या’ लिहितो. आकाश आणि पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्याला किरकोळीत टाकायची पाळी फक्त खजिनदारावर येते.

आमच्या नगरकडे हंगामाचा सण असतो, तेव्हा तर हिशेबाची पारच दैना होते. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं असेल ते त्याने चर्चमध्ये आणायचं. ज्वारीची कणसं, शेवग्याच्या शेंगा, लिंबं, अंडी, एखादी पाय बांधलेली गावरान कोंबडी. उपदेश रंगात आला की कोंबडीही दोन शब्द बोलते. उपासना संपली की लिलाव. एक साधं अंडं दोन बोटांत धरून आमचे लिलाववाले काका ओरडतात, आणि ते पन्नास रुपयांना जातं. घेणारा पैसे मोजतो आणि अंडं परत टेबलावर ठेवतो: ‘‘पुन्हा लावा.’’ ते पुन्हा विकलं जातं, पुन्हा परत येतं. एका वर्षी एका मावशींनी आणलेल्या भोपळ्यावर कुणी बोलीच लावेना. शेवटी मावशींनीच हात वर केला आणि आपल्याच वेलाचा भोपळा रोख पैसे देऊन घरी नेला. मी पावती फाडली. या व्यवहारात नफा कुणाला झाला, हे माझ्या बी. कॉम.च्या शिक्षणातून अजून निघालेलं नाही. मावशींचा चेहरा मात्र नफा झाल्यासारखा होता.

साक्षीचंही तसंच. प्रार्थनासभेत साक्षीची वेळ आली की देवाच्या चांगुलपणाची जी उदाहरणं निघतात, त्यांत लाल समुद्र दुभंगल्याचं एकही नसतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. सिलिंडर संपला तो पाहुणे गेल्यावर संपला. जावयाची बदली जवळ झाली. आमचा पुतण्या इंजिनीअर आहे; तो घरी आल्यावर विचारतो, की ज्याला एसटीत उभं राहून जावं लागलं त्याच्यावर प्रभूची खप्पा मर्जी होती काय? प्रश्न बिनचूक आहे. मी त्याला आणखी एक पोळी वाढतो.

पण त्याच सभेत एक बाई बसतात, त्यांचा मुलगा ऐन तिशीत गेला. त्याच्यासाठी अख्खी मंडळी उपास धरून बसली होती. त्याही साक्ष द्यायला उठतात. मुलाबद्दल बोलत नाहीत. पहिल्या महिन्यात शेजारीण रोज डबा आणायची, त्या डब्यातली आमटी कशी होती ते सांगतात. कोकम घातलेली, जरा जास्तच आंबट. ‘‘प्रभू चांगला आहे,’’ म्हणतात आणि खाली बसतात. आपला प्रश्न तिथे विचारायला पुतण्या तयार नाही. मीही नाही.

चौतिसावं स्तोत्र आमच्याकडे अशा वेळी हमखास वाचलं जातं. देव चांगला आहे हे चाखून बघा, असं त्यात दाविद म्हणतो. वाचताना वाटतं, हा माणूस राजवाड्याच्या गच्चीवर तृप्त होऊन बसला असावा. स्तोत्राचा मथळा वेगळंच सांगतो. शौल राजा जिवावर उठलेला, पळता पळता दाविद थेट शत्रूच्या गथ गावी पोचलेला, तिथे ओळखला गेलेला. मग त्याने वेड्याचं सोंग घेतलं; वेशीच्या फळ्या खरवडल्या, दाढीवरून लाळ गाळली. गथचा राजा वैतागून चाकरांना म्हणाला, की माझ्या पदरी वेडे कमी आहेत म्हणून हा आणखी एक आणलात? दाविद सुटला, दाढी पुसली आणि देवाचा चांगुलपणा चाखायचं आमंत्रण दिलं. तेही मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने, ओळीमागून ओळ. त्यात मधलं एक अक्षर सुटलेलं आहे. टीकाकार त्यावर बरंच लिहितात. मला मात्र त्या सुटलेल्या अक्षरामुळे स्तोत्र जास्त जवळचं वाटतं. माझ्याही ताळेबंदात दरसाल काहीतरी सुटतं.

भरवसा आणि हिशेब यांचं वाकडं आहे असा आमच्या काकांचा समज आहे. त्यांना मी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं उदाहरण देतो. हा मूळचा प्रशियाचा, जन्म 1805चा. बाप सरकारी करवसुलीत, आणि चिरंजीव बापाचेच पैसे लांबवणारे. सोळाव्या वर्षी हॉटेलात राहून बिल न देता निघाले म्हणून तुरुंगात जाऊन आले. पुढे ख्रिस्ताकडे वळल्यावर हाच गृहस्थ इंग्लंडमध्ये पाळक झाला, 1830मध्ये ठरलेला पगार सोडला आणि 1836मध्ये अनाथ मुलींसाठी घर उघडलं. नियम असा, की पैसे माणसांपाशी मागायचे नाहीत, फक्त देवापाशी. आयुष्यभरात त्याच्याकडे दहा हजारांवर मुलं वाढली.

आता यातलं मला भावतं ते वेगळंच. आलेली प्रत्येक वस्तू म्युलर लिहून ठेवायचा. सुरुवातीच्या नोंदींत ताटल्या आहेत, वाडगे आहेत, मीठदाण्या आहेत, एक किसणी आहे, सुऱ्या चार आहेत आणि काटे पाच. सुऱ्या चार आणि काटे पाच! जुळत नाही म्हणून त्याने आकडा झाकला नाही, की देवाला पाचवी सुरी राहिली म्हणून कळवलं नाही. हॉटेलचं बिल बुडवणाऱ्या हाताने लिहिलेली ती किसणी मला एखाद्या चमत्काराहून मोठी वाटते. दुसरी गंमत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. घर, पैसे, भांडी, मदतनीस सगळ्यांसाठी प्रार्थना झाली. प्रवेश घ्यायचा दिवस उजाडला, तर एकही अर्ज नाही. मुलं पाठव, एवढंच मागायचं राहिलं होतं! त्याने ते मागितलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

म्युलरची ही हकिकत पुढे पंडिता रमाबाईंनी वाचली, आणि देवावर विसंबून काम उभं राहतं तर इथे का नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. रमाबाईंना भाबडं म्हणायची छाती कुणाला होईल? दुष्काळात उपाशी भटकताना आईवडील डोळ्यांदेखत गेलेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तोही भरपूर वाद घालून आणि पुढेही घालत राहून. त्यांनी स्वतः लिहिलं आहे, की तेव्हा त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. बुद्धीला पटणं हे एक काम, आणि त्यावर आपला सगळा भार टाकणं हे दुसरं. पहिलं माणूस वाद जिंकून करतो. दुसरं बहुधा वाद संपल्यावर, थकल्यावर होतं.

भार टाकून झाल्यावर रमाबाई काही डोळे मिटून बसल्या नाहीत. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुणे–दौंड मार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. दोन हजार माणसांची रोजची भाकरी! सकाळी पीठ मळायला कोण बसलं असेल, जाती किती, चुली किती, याचा विचार आला की माझ्या पोटात गोळा येतो. प्रार्थनेचं उत्तर धान्याच्या पोत्यात येतं हे खरंच. पण पोतं निवडून, दळून, थापून मगच ते ताटात पडतं.

इथे मला लक्ष्मीबाई टिळकांशिवाय पुढे जाता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कहाणी आमच्या घराघरांत पाठ आहे: 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला, त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. 1895च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या भरवशाला तळ नव्हता, आणि खिशालाही. आलेला पैसा दारात भेटेल त्या गरजवंताला. घरात पाहुणे, पोरकी मुलं, विद्यार्थी. असा माणूस व्यासपीठावर थोर असतो. स्वयंपाकघरात रात्री आणखी दोन ताटं वाढा म्हणतो, तेव्हा तो कसा वाटत असेल, हे त्यांच्या पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून कळतं. तो चिडणारा, पळणारा, परत येणारा, वेडा, प्रेमळ माणूस लक्ष्मीबाईंनी आपल्याला दिला आणि त्याच्यावर मनसोक्त हसायची परवानगीही दिली.

नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत. आधी धाय मोकलून रडल्या. वेगळं राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळं वेगळं ठेवलं. देवळात ऐकलेल्या कुठल्या उपदेशाने त्यांचं मन फिरलं असं नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे स्वतःशीच विचार करता करता उमगलं. उमगल्यावर, ज्यांच्या हातचं आजवर घेतलं नव्हतं त्यांच्या हातचं पाणी त्या आपणहून प्यायल्या. 1900मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याहून पाच वर्षं उशिरा, आणि माझ्या मते नवऱ्याहून जास्त पारखून. ज्या देवावर हवाला ठेवून टिळक घराबाहेर पडायचे, त्या देवाची पुरवठ्याची बाजू मागे राहून सांभाळली ती या बाईने.

टिळकांचा देवावर भार, टिळकांच्या घराचा लक्ष्मीबाईंवर भार, आणि लक्ष्मीबाईंचा पुन्हा देवावर. हे गणित मी आमच्या काकांना एकदा कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे शेवटी आलंच ना त्याच्याकडे?’’ त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

टिळक 1919मध्ये गेले. ख्रिस्तचरित्राचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी मोठ्या उमेदीने घेतलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांपलीकडे ते गेलं नव्हतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. या माणसाने भरवशावर टाकलेली कामं पुरी करायची त्यांना सवयच होती.