खटखटीचा शास्त्रोक्त बंदोबस्त

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या प्रवराकाठी कारखान्यांची धुराडी पेटतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हापासून आमचं वर्ष जानेवारीला नाही, मोळी टाकली की सुरू होतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. उसाची ट्रॉली मात्र पूर्वीसारखीच रस्ता व्यापून चालते आणि मागचा मोटारसायकलवाला पूर्वीच्याच शिव्या देतो.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर आभाळाला टेकलेला ऊस, आणि हा डोलारा कशाच्या जिवावर? ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला वरखाली दोन जबडे असतात. ट्रॉलीच्या दांडीचा डोळा त्यांच्यामध्ये सरकवायचा आणि वरून पिन सोडायची. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरीसाठी तसाच हूक. बस्स. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. ओढणं, आवरणं, वळवणं, सगळं त्या पिनेच्या माथी.

हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी हयातभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर गावी घर बांधलं, तेही मुद्दाम रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दारावरची पाटी वाचता यावी म्हणून. पाटीवर पदव्या आहेत. शेती धाकटा भाऊ बघतो, ट्रॅक्टरही त्याचाच. त्याचा ड्रायव्हर माझा विद्यार्थी. दहावीला मी त्याला विज्ञानात नापास केलं होतं, पण त्यानं मनात काही ठेवलेलं नाही. ‘सरांमुळं लवकर धंद्याला लागलो’ असं तो चारचौघांत सांगतो, आणि हे कौतुक आहे की काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तर हा गडी पहाटे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडाकडं निघाला की माझ्या उशाशी खट्-खटाक्, खट्-खटाक् सुरू व्हायचं. बायको कूस बदलून झोपायची. मला झोप येईना, कारण मला कारण कळलं होतं. डोळा आणि पिन यांच्यात फट. ट्रॅक्टर जरा मंदावला की ट्रॉली मागून येऊन आदळते, वेग घेतला की पुढून हिसका बसतो. दोन्ही वेळा फटीएवढी धाव घेऊन लोखंडावर लोखंड. न्यूटनचा पहिला नियम माझ्या दारावरून रोज वरात काढून चालला होता आणि मी पांघरुणात!

भावाला म्हटलं, “याचा बंदोबस्त मी करतो.”

“दादा, हंगाम उरकू दे ना,” तो म्हणाला.

राहुरीचं कृषी विद्यापीठ आमच्यापासून काही लांब नाही. शेती अभियांत्रिकीचं कॉलेज आहे तिथं, जाऊन विचारता आलं असतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारायची सवय असते ती उत्तर आधीच माहीत असलेले.

एका रविवारी मी हुकापुढं पाट टाकून बसलो. सुरुवात फार छान झाली. हूक उघडा असतो, त्यामुळं ग्रीसवर रस्त्याचा फुफाटा आणि उसाचं पाचट बसतं आणि वंगणाचं काम सोडून ते पॉलिश पेपरचं काम करायला लागतं. त्यावरच नवं ग्रीस थापण्यात अर्थ नाही. मी डिझेलनं सगळं धुऊन काढलं. पिन उपसली तर तिला मधोमध कंबर पडलेली, आणि डोळ्याचं गोल भोक ओढीच्या दिशेनं लांबून अंडाकृती झालेलं. पिनेच्या टोकाच्या क्लिपच्या जागी ड्रायव्हरनं बाइंडिंगची तार पिळून घातली होती. खड्ड्यात पिन उसळून बाहेर पडली तर भरलेली ट्रॉली भर रस्त्यात मोकळी सुटते, म्हणून क्लिप हवीच आणि शिवाय जोडाला सुटी साखळीही हवी, यावर मी त्याला ऊन चढेपर्यंत सुनावलं. तो म्हणाला, “व्हय सर.” दहावीतही तो हेच म्हणायचा.

इथं थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. नवी पिन, नवी क्लिप, पुसून बेताचं ग्रीस, काम संपलं होतं. पण डोळ्याच्या वरखाली जबड्यांमध्ये चांगली बोटभर मोकळी जागा दिसत होती आणि ती माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी जाड वायसर आणले आणि वरखाली ठासून भरले. पिनेला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि ती हातोडीनं ठोकून बसवली. ट्रॅक्टरचा हूक झाला, मग दोन ट्रॉल्यांमधलाही केला. हलवून बघितलं. जराही हलेना. मी भावाला बोलावून ते न हलणं दाखवलं.

“दादा, हे हलायला पायजे का नको?” त्यानं विचारलं.

“हललं तर आवाज येतो,” मी म्हणालो. वर्गात या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या.

आमच्या फडाची वाट चारीवरून जाते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्या कालव्याचं पाणी आमच्या चाऱ्यांना येतं, आणि नेमकं तेव्हा आवर्तन सुटलेलं. शेजाऱ्याचं पाणी पाझरून फडाची खालची बाजू ओली झालेली. अशा रानातून दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. मागचीच्या दांडीखाली फळी टाकून जॅक लावायचा, मधली पिन काढायची, पुढची ट्रॉली रस्त्यावर नेऊन ठेवायची आणि परत येऊन मागची न्यायची. रोजचं काम. ड्रायव्हर पिनेला झोंबला. पिन निघेना.

“जरा मागं घे, ताण जाऊ दे,” मी सांगितलं. शास्त्र बरोबर होतं. पिन तिथंच.

चारीचा चढ उतरताना पुढची ट्रॉली खाली आणि मागची अजून वर असते. तेवढ्या वेळात डोळा जबड्यात तिरका होतो, आणि त्या तिरकेपणासाठीच ती बोटभर जागा ठेवलेली असते. मी तिथं वायसर भरले होते. कुणीतरी वाकणं भाग होतं. जबडे वाकले नाहीत, डोळा वाकला नाही. पिन वाकली, आणि वाकलेली पिन वरूनही निघत नाही, खालूनही नाही.

घण आणला. घणानं रबर तेवढं आणखी आत गेलं. पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी कोयते टेकवून बांधावर बसली. एक म्हातारी मला बराच वेळ न्याहाळत होती. शेवटी तिनं मुकादमाला विचारलं, “ह्ये कारखान्याचं सायेब हायेत का?”

“न्हाई, सर हायेत.”

“मंग बरोबर,” म्हातारी म्हणाली.

गॅस कटरनं पिन चुटकीसरशी कापली असती. पण भोवती गुडघाभर वाळकं पाचट, आणि आमचाच नव्हे तर शेजाऱ्याचाही ऊस उभा. भावानं साफ नकार दिला. मग हॅक्सॉ आला. पिन कापायची तर डोळा आणि जबडा यांच्या फटीत पान शिरायला हवं. फट कुठं होती? आधी वायसर कापावे लागले. मी निवडून जाड आणले होते. रबर तापून असा वास सुटला की म्हातारीनं पदर नाकाला लावला. पाळीपाळीनं सगळ्यांनी हात चालवला. माझी पाळी आली की भाऊ म्हणायचा, “दादा, तू सावलीत बस.” एवढ्या मायेनं तो लहानपणीही माझ्याशी बोललेला नाही.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजनात घटतो, उताराही उतरतो. काट्यावरची चिठ्ठी भावानं मला दाखवली नाही. बायकोला दाखवली.

पुढचं काम गावातल्या वेल्डरनं केलं. डोळ्याचं लांबलेलं भोक गोल करून त्यात बुश बसवला आणि बुशाच्या मापाची पिन दुकानातूनच आणायला लावली. आमच्याकडं बांधकामाची सळई तोडून पिन म्हणून घालणारे काही कमी नाहीत. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंग चढवायलाही त्यानं नकार दिला. “ठिसूळ हुती, कटकन जाती,” म्हणाला. भरताना ऊस चाकांच्या जरा पुढच्या अंगाला जास्त घ्या, म्हणजे डोळा खालच्या जबड्यावर दबून राहील, हेही त्यानंच सांगितलं. ऊस मागं जास्त झाला तर दांडी वर उचलते आणि वरच्या जबड्यावर आपटत राहते. वरखालची बोटभर जागा त्यानं तशीच ठेवली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. ट्रॅक्टर आला.

खट्-खटाक्.

मी बनियनवर अंगणात धावलो. बायको फाटकाशी सडा टाकत होती. तिनं बादली खाली ठेवली आणि दुसऱ्या ट्रॉलीकडं बोट दाखवलं. “अहो, ते दांडीखाली काय लोंबतंय?”

तो जॅक होता. वर दुमडल्यावर त्याला अडकवायची खीळ कधीच गळून पडली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला तो दांडीवर टोला देत होता. हुकाचा आवाज होता म्हणा थोडाफार, पण माझी झोप उडवणारा खटाक् याचा होता. ड्रायव्हरनं खाली उतरून माझ्याच उरलेल्या ट्यूबचा तुकडा घेतला आणि जॅक दांडीला करकचून बांधला. “सर, तुमचं रबर कामाला आलं.”

आता पहाटे ट्रॉल्या माझ्या खिडकीखालून अगदी गुपचूप जातात. त्यामुळं ट्रॅक्टरवरचा टेप शब्दन् शब्द ऐकू येतो. परवा मी ड्रायव्हरला म्हटलं, “बाबा रे, रोज तेच गाणं. बदलून तरी बघ.”

“सर, पेनड्राइव्हमधी येकच हाये.”