पत्ता खालून वाचावा

खऱ्या बँकेपेक्षा खोटी बँक फार प्रेमळ. खरी बँक पासबुक छापायला गेलं की ‘मशीन बंद आहे’ म्हणते, तेही मान वर न करता. खोटी बँक रविवारी रात्री ‘प्रिय ग्राहक’ म्हणून साद घालते. आपलं खातं मध्यरात्री बंद पडणार या काळजीने तिचा जीव कासावीस झालेला असतो, आणि उन्हातान्हात हेलपाटा नको म्हणून केवायसीची लिंकही तीच पाठवते. एवढी आपुलकी दिसली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या सोसायटीतले काका आरएमएसमधून निवृत्त झाले. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. तेव्हा रात्रभर धावत्या डब्यात उभं राहून टपालाचं सॉर्टिंग चालायचं. सॉर्टर पाकीट वरून वाचत नाही. वरच्या ‘तीर्थरूपां’शी त्याला काय देणंघेणं? नजर थेट तळाला, पिनकोडवर. (हा पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, १५ ऑगस्ट १९७२ पासून. गृहस्थ संस्कृतातले कवीही होते, हे काका दर वेळी सांगतात. आपण दर वेळी ऐकावं.)

वेबसाइटचा पत्ताही काका असाच वाचतात. काकूंच्या फोनवर आलेली लिंक त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तपासली. आधी बँकेचं नाव, मग टिंब, मग ‘केवायसी-अपडेट’, टिंब, ‘कॉम’, नंतर तिरकी रेघ आणि पुढे लॉगिन, सिक्युअर वगैरे लवाजमा.

“सुरुवातीला जोडीने आलेल्या तिरक्या रेघा सोडायच्या आणि पुढची पहिली तिरकी रेघ धरायची,” काका म्हणाले. “तिला चिकटून अलीकडे जो बसलाय तो मालक. इथे मालक केवायसी-अपडेट डॉट कॉम. पुढ्यात बँकेचं नाव काय, कोणीही लिहील.”

“अहो, पण पत्त्याशेजारी कुलूप आहे की!” काकू म्हणाल्या.

कुलूप इतकंच सांगतं की आपलं आणि त्या पानाचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. दुसरा कोण, ते सांगत नाही. याच गैरसमजापायी क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूप काढून टाकलं.

मला कौतुक वाटतं ते पुढच्या कारागिरीचं. खोट्या पानावर पासवर्ड, ओटीपी भरला की ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असा खेद व्यक्त होतो आणि माणूस अलगद बँकेच्या अस्सल पानावर सोडला जातो. तिथे पुन्हा लॉगिन केलं की सगळं सुरळीत. मघाशी बोट चुकलं असेल, असं म्हणून आपण निवांत; तोवर आपल्याच पासवर्डने दुसरा कोणी आत शिरलेला असतो. ‘सर्व्हर व्यस्त’ निमूट ऐकून घ्यायची सवय आपल्याला खऱ्या बँकेनेच लावली, ती या भामट्यांच्या कामी येते. अशा वेळी ताबडतोब सायबर हेल्पलाइनचा १९३० लावावा, आणि बँकेलाही कळवावं. मात्र तिचा नंबर गूगलवर शोधू नये, कार्डाच्या पाठीवर बघावा.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरच्या आत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला लावलं. हा पत्ता ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. काका जाम खूश. लवकरच बँकेचा मेसेज आला : आमच्या वेबसाइटचा पत्ता बदलला आहे, नवीन पत्ता खालीलप्रमाणे.

काकांनी तो दोनदा वाचला, छत्री घेतली आणि शाखा गाठली.

“हा मेसेज तुमचाच का?”

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, खात्री करायची तर आमच्या वेबसाइटवर बघा ना.”

“कुठल्या?” काकांनी विचारलं.