भाडेकरूची मुलाखत

जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्यात बदली झाली की मराठी माणसाला वाटतं, गाव लहान, घर चुटकीसरशी मिळेल. घरं आहेतही. रिकामी आहेत, एवढाच त्यांचा दोष. कारण आधी मुलाखत. ‘फॅमिली है?’ म्हणजे एकट्याला नाही. ‘खाने में?’ म्हणजे अंडंसुद्धा नाही. आडनाव ऐकल्यावरचं ‘वैसे आप लोग कौन?’ तर इतक्या मायेनं येतं की संकोच आपल्यालाच वाटावा. नळाला पाणी किती वेळ, गच्चीची किल्ली कोणाकडे, हे मात्र आपण विचारलं की आगाऊपणा!

मग अकरा महिन्यांचा करार. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ही देशव्यापी पळवाट. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच. पण तो नमुना, राज्यानं स्वीकारला तर लागू. घरमालकाचा स्वतःचा कायदा कायम लागू.

घर बघायचं तर जुलैत बघा. हिवाळ्यात, मटाराच्या हंगामात, इथली प्रत्येक भिंत कोरडीच दिसते.