डिलिंजरच्या गल्लीत

शिकागोला उन्हाळ्यात येताना स्वेटर आणा, असं लेकीने फोनवर बजावलं तेव्हा आम्हा नागपूरकरांना ती थट्टाच वाटली. इथे आल्यावर उमगलं की स्वेटर बाहेरच्या हवेसाठी नसतो, आतल्या हवेसाठी असतो. मॉल, बँक, दवाखाना, जिथे म्हणून दार आहे त्याच्या आत डिसेंबर आहे.

तर २००९च्या जुलैत आम्ही सहकुटुंब स्वेटर, शाल आणि बादलीभर पॉपकॉर्न घेऊन 'पब्लिक एनिमीज'ला बसलो. १९३०च्या दशकात बँका लुटणारा जॉन डिलिंजर, त्याच्या भूमिकेत जॉनी डेप, दिग्दर्शक मायकेल मान. "शिकागोत आलात, तर शिकागोचाच डाकू बघा," हा जावईबुवांचा आग्रह. (जन्माने तो शेजारच्या इंडियानाचा, शिकागोत तो मेला. पण तिकीट जावयाने काढलं असताना सासऱ्याने भूगोल काढू नये.)

मला जुन्या काळाचे सिनेमे मनापासून आवडतात. लांबलचक मोटारी, रुंद काठाच्या टोप्या, धुरकट उजेड, एवढं मिळालं की गोष्ट थोडी लंगडी असली तरी मी चालवून घेतो. इथे मोटारी होत्या, टोप्या तर ढिगाने होत्या. घात केला तो उजेडाने. मान यांनी हा सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला होता. हेतू असा की १९३४ साल आठवणीतलं, पिवळट न वाटता आत्ता समोर घडतंय असं वाटावं. वाटलं की! इतकं वाटलं, की मी माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची कॅसेट बघतोय असा भास व्हायला लागला. तोच डोळ्यांत जाणारा दिव्याचा झोत, तीच डुगडुगणारी चौकट, मध्येच कुणाच्या तरी कानाच्या पाळीवर रेंगाळणारा कॅमेरा. पंगतीच्या जागी गोळीबार, एवढाच फरक.

"अहो, हा पोलीस का चोर?" सौ.नी शालीतून विचारलं.

"पोलीस."

"मग मघाशी बँक लुटत होता तो?"

"तो वेगळा."

"टोपी तर तीच आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिलिंजरच्या टोळीवर लिटल बोहेमिया लॉजमध्ये पडलेल्या धाडीचं चित्रण विस्कॉन्सिनमधल्या त्या खऱ्याखुऱ्या लॉजवर जाऊन केलेलं आहे. खऱ्या भिंती, खरी झाडं. आणि अंधारात बंदुकीच्या ठिणग्यांपलीकडे मला काही म्हणता काही दिसेना. जावईबुवा कानात सांगत होते की खऱ्या धाडीतही सरकारी माणसांनी भलत्यांवरच गोळ्या झाडल्या आणि टोळी मागच्या बाजूने पसार झाली. म्हणजे आपल्याला काही कळू नये, हे इतिहासाला धरूनच चाललं होतं. इतर ठिकाणी मात्र इतिहासाला बराच धक्का आहे. प्रिटी बॉय फ्लॉइड आणि बेबी फेस नेल्सन हे त्या काळचे आणखी दोन डाकू प्रत्यक्षात डिलिंजरनंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात मारले गेले. सिनेमात दोघांनाही आधीच वाटेला लावलं आहे.

पण माझं खरं दुखणं निराळंच. या माणसाची गोष्ट मुळात भारी गमतीची आहे, आणि सिनेमाभर कुणी हसायला तयार नाही. मार्च १९३४मध्ये हा पठ्ठ्या इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून निसटला तो, बहुतेकांच्या सांगण्यानुसार, लाकडाचं खोटं पिस्तूल दाखवून. पळायला गाडी घेतली ती शेरीफची, आणि शेरीफ कोण, तर एक बाई, लिलियन हॉली. एवढ्या बँका लुटल्या तेव्हा तो ज्या त्या राज्याचा प्रश्न होता. चोरीची मोटार हद्द ओलांडून इलिनॉयात आली मात्र, आणि केंद्र सरकारचा गुन्हा लागू झाला. असा मसाला हाती असताना मंडळी अडीच तास दाढ दुखल्यासारखा चेहरा करून कुजबुजतात, ही उधळपट्टी मला बघवली नाही.

रविवारी जावईबुवांनी, बहुधा नुकसानभरपाई म्हणून, आम्हाला लिंकन अव्हेन्यूवर नेलं. तिथे बायोग्राफ थिएटर आहे. शूटिंगसाठी हा रस्ता पुन्हा १९३४चा केला होता. आता दुकानं मुकाट आपापल्या काळात परतली होती आणि बायोग्राफमध्ये नाटकं चालत होती. २२ जुलै १९३४, रविवार. पारा ३८ अंशांच्या वर. (नागपुरात मे महिन्यात एवढ्यावर लोक 'आज बरं आहे' म्हणतात.) बायोग्राफमध्ये गार हवेची सोय होती. डिलिंजर दोन बायकांना घेऊन तिथे सिनेमाला आला. सिनेमाही कोणता, तर 'मॅनहॅटन मेलोड्रामा', क्लार्क गेबलचा, गुंडाचाच! बाहेर पडला, पुढच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी माणसांनी त्याला गाठलं. सिनेमा आवडला का, हे विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही.

गल्ली पाहिली. कचऱ्याचे डबे आणि एक विजेचा खांब. मी खांबाचा फोटो काढत होतो, तेवढ्यात सौ.ना सिनेमातली ती बाई आठवली.

"ती केशरी स्कर्टवाली. तिनेच खबर दिली ना? का बरं?"

जावईबुवांनी सांगितलं. अ‍ॅना सेज मूळची रुमानियाची. तिला देशाबाहेर काढायची नोटीस होती. डिलिंजरला पकडून देते, मला इथे राहू द्या, असा तिचा सौदा. सरकारने बक्षिसाचे पाच हजार डॉलर दिले, आणि १९३६मध्ये तिला रुमानियाला परत पाठवून दिलं.

"अगंबाई! म्हणजे सरकारला एवढा मोठा डाकू दिला तरी नाहीच?" सौ. गल्लीतच थांबल्या. मग जावयाकडे वळून काळजीने म्हणाल्या, "तुमच्या त्या ग्रीन कार्डाचं काय झालं हो? वकील काय म्हणतो?"

"रांगेत आहे, आई," जावईबुवा म्हणाले, आणि मीटरमध्ये आणखी नाणी टाकायला गाडीकडे धावले.