पगारापुरते शिकाऊ

चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, केट्या निघाल्या, डिग्री हातात आली. आता कंपनी म्हणते, या, तुम्हाला इंजिनीअर करतो. मग कॉलेजनं फी कशाची घेतली?

या घडवणुकीचं नाव ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी. पहिला आठवडा झकास. नवी बॅग, नवे सेफ्टी शूज, बुफे जेवण. एचआर सांगतात, तुम्ही आमची गुंतवणूक आहात.

गुंतवणूक म्हटली की तारण आलंच. बॉण्डवर सही करा.

कोर्टात बघून घेऊ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. माणूस मध्येच गेला की नव्या भरतीचा खर्च पडतो, हे न्यायालयाला पटलं. कंपनीच मध्येच फिरली तर उमेदवाराला काय पडतं?

इन्फोसिसनं 2022 मध्ये ऑफर दिलेल्या काही पोरांना रुजू व्हायला 2024 उजाडलं. फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक ट्रेनी घरी गेले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. दोन वर्षं ताटकळत ठेवलं, तो पेपर कुणी तपासला?

विप्रोनं 2023 मध्ये साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना विचारलं, साडेतीनवर येता का?

विचारलं, हेही नसे थोडके.

चाकणच्या कारखान्यात तरी काय वेगळं? कागदावर रोटेशन आखीव: तीन महिने क्वालिटी, तीन प्रॉडक्शन, तीन मेंटेनन्स. प्रत्यक्षात क्वालिटीला माणूस कमी, म्हणून वर्ष तिथेच. थर्ड शिफ्टला लाइन बंद पडली की ती सुरू करतो वीस वर्षं मुरलेला ऑपरेटर. ट्रेनीला तो 'साहेब' म्हणतो. साहेब रिजेक्शनचे आकडे एक्सेलमध्ये भरतात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्याच आकड्यांवरून शिव्या खातात.

पगारवाढ मागितली की तो शिकाऊ. ओव्हरटाइम मागितला की ऑफिसर. रजा मागितली की कन्फर्म व्हायचा.

त्यातून कायद्यानुसार अप्रेंटिस म्हणून घेतलं, तर 2019 च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन ठरलं महिना 9,000 रुपये. कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे गेले की उरतं काय?

अनुभव.

म्हणून ऑफर नाकारायची? बाहेर रांग बघा, मग बोला. घ्या बिनधास्त. फक्त सही करण्याआधी एकच विचारा: मागच्या बॅचमधले कायम किती झाले? एचआरनं हसून चहा मागवला, तर ट्रेनिंग तिथेच सुरू झालं समजा.