टीम बनवून राहिलो, काका

भिलाईलगतच्या बोरसीत पानठेल्यावर टेकलेल्या कुठल्याही पोराला "काय करून राहिला बे?" विचारलं की उत्तर यायचं, "टीम बनवून राहिलो, काका." मोबाइलवरच्या फँटसी क्रिकेटच्या या टीमला मैदान लागायचं नाही, बूट लागायचे नाहीत, घामही लागायचा नाही. ४९ रुपये आणि आईच्या खात्याला जोडलेलं यूपीआय लागायचं.

घामाचं नाव आमच्याकडे जपूनच घ्यावं. १९५९ साली भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, तेव्हापासून नाइट शिफ्टा करणाऱ्या, देशाला रूळ पुरवणाऱ्या बापांची ही वस्ती. निवृत्तीला हातात किती पडलं, हे बापांनी पोरांना सांगितलं. टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या खेळाडूने तेवढेच एका सामन्यात मिळतील असं हसत सुचवलं. जाहिरातवाले सावधही करायचे हं! "आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते" हे वाक्य लहान स्टेशनावरून राजधानी जावी तसं जायचं.

पैसे लावण्याच्या या धंद्यात भिलाईने नाव काढलं. सट्ट्याच्या महादेव अ‍ॅपचे प्रवर्तक इथलेच. एकाचं तर ज्यूसचं दुकान होतं. ईडीचा आरोप असा, की सट्ट्याची 'पॅनेल' ७०-३० च्या वाट्याने दिली गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएईतल्या रास अल खैमात त्या ज्यूसवाल्याच्या लग्नात २०० कोटी रोख उडाले. तिथे सिनेकलावंतही नाचून-गाऊन आले. कोर्टात ठरायचं ते ठरेल. पानठेल्यावरचा निकाल कधीच लागला : ज्यूसवाला दुबईला गेला, आयटीआयवाला ठेकेदाराकडे.

भिलाईत आयआयटीसुद्धा आहे. पण तिची जाहिरात कुठला भारतरत्न करतो? भारतरत्नाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये म्हणून तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांना ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरच्या वांद्र्यातल्या घरापुढे जाऊन बसावं लागलं.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद. जाहिरात केली तर २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून टीम बनवायचं अॅप ड्रीम११ उतरलं, टायर कंपनी चढली. टायर घ्यायला मात्र कुणी पोरगं धावलं नाही.

शेजारच्या पोराने हल्ली ऑप्शन ट्रेडिंगचा कोर्स लावलाय. गुरुजी रीलमध्ये भेटतात, भाड्याच्या गाडीला टेकून. त्या पोराला शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीचा २०२४ चा अभ्यास दाखवला : या व्यवहारांत १०० पैकी ९३ जण तोट्यात. पोरगं खूश झालं.

"म्हणजे ७ जागा आहेत, काका!"