आई दुसऱ्या रांगेत होती

व्याख्यानाचा विषय मीच सुचवला होता, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. 'मराठी साहित्यातली आई : विषय एक, वाङ्मयप्रकार अनेक'. मे महिना, मातृदिन, आमचं वाचनालय, चाळीस खुर्च्या. (आपला खरा मातृदिन पिठोरी अमावास्येचा, पण तेव्हा हॉल गणपतीच्या तालमींसाठी गेलेला असतो.)

चार दिवस खपून मी कार्डशीटवर तक्ता केला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अख्खी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली, आणि मला तिच्यासाठी रकाना ठरवायलाच दोन दिवस लागले. कादंबरी म्हणावं की आठवणी? शेवटी दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहून टाकली. आडव्या ओळींत प्रश्न होते : आई रडते का, मारते का, जिवंत असते का. हा तिसरा प्रश्न म्हणजे माझा शोध. त्याच्या जोरावर मी मनातल्या मनात पीएचडी घेऊन टाकली होती.

आई म्हणाली, "मी पण येते." मी म्हटलं, "तू कशाला? अवघड विषय आहे."

स्टेजवर गुंडाळी उलगडली आणि पहिल्याच रांगेतून कुणीतरी विचारलं, "हे गोल कसले?" तक्त्यावर तेलाचे सोळा-सतरा डाग होते. हाताच्या पंजाएवढे, एकसारखे, गोलगरगरीत. 'नाटक' हा रकाना तर नाहीसाच झाला होता. दुसऱ्या रांगेतून खणखणीत उत्तर आलं, "उडदाचे पापड वाळत घातले होते. कागद पाठकोरा होता ना!"

हशा ओसरल्यावर मी शोधाकडे वळलो. म्हटलं, कवितेतली आई बहुधा गेलेली असते. ती नसते म्हणूनच कविता होते. इथे उदाहरण द्यायचं होतं ते 'प्रेमस्वरूप आई'चं, आणि मी ती बेधडक यशवंतांच्या नावावर चढवली. शिवाय हे यशवंत फारसीचे प्राध्यापक होते, अशी भरही घातली.

"अरे, ती माधव जूलियनांची. फारसीचे प्राध्यापक ते. यशवंतांची 'आई' वेगळी." पुन्हा दुसरी रांग.

दोघंही रविकिरण मंडळातले, दोघांनीही नसलेल्या आईवर लिहिलं, तेव्हा गोंधळ होणारच, असं मी पुटपुटलो. कुणाचंच समाधान झालं नाही.

नाटकाचं तसं नाही, मी पुढे रेटलं. तिथे आईला स्टेजवर यावं लागतं, म्हणून ती जिवंत लागते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वडील गेलेत, तेराव्याच्या खर्चावरून मुलांची तोंडं वाकडी झालीत आणि आई त्यांच्यासमोर आहे. तिच्यावर कविता करायची सोय नाही, कारण तिचं काय करायचं हाच प्रश्न आहे. 'झोंबी'तली आई तर कामालाच लागते. मुलाने शिकावं म्हणून नवऱ्याच्या नकळत दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाऊन त्यांना मधे घालते. श्यामची आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने बडवते. पण ते आपल्याला कळतं ती गेल्यावर, आश्रमातल्या रात्रींतून. "थोडक्यात," मी आवाज चढवला, "आई गेल्याशिवाय तिचं साहित्य होत नाही!"

हे वाक्य आरशासमोर फार छान वाटलं होतं. हॉलमध्ये शांतता पसरली आणि चाळीस माना हळूहळू दुसऱ्या रांगेकडे वळल्या.

आई पदर सावरत उठली. "मारायला मीही काही कमी केलं नाही. पण गेले नाही अजून, म्हणून राहिलं असेल याचं पुस्तक." टाळ्या. मला मिळाल्या नव्हत्या तेवढ्या. "आणि लक्ष्मीबाई टिळक कुठे बसवल्यास? 'स्मृतिचित्रे'त आईच लिहायला बसलीये. ती कुठे मातृत्वाचे गोडवे गातेय? सोवळ्याचं वेड लागलेले वडील, विक्षिप्त नवरा, स्वतःच्या फजित्या, सगळं हसत सांगते."

मी तक्त्याकडे पाहिलं. माझ्या चारही रकान्यांत आईबद्दल दुसरंच कुणीतरी बोलत होतं. लिहिणाऱ्या आईसाठी रकानाच नव्हता. म्हणालो, "ते... डागाखाली गेलं."

अध्यक्षांनी समारोपात आईंचे विशेष आभार मानले. शाल मला दिली, नारळ तिला.

रिक्षात ती नारळ कानाशी धरून हलवत होती. "पाणी आहे. वड्या करू की चटणी?"

"वड्या."

दुसऱ्या दिवशी चटणी केली. आणि तक्ता गच्चीवर होता, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून. पोह्याच्या पापडांची पाळी होती.